तारप्याला पाठ : आमची भिंत, वारली रेघ आणि अमेरिकेचा चित्र-इतिहास

२०२४ च्या १४ एप्रिलच्या आधी आम्ही जव्हारच्या आमच्या वस्तीतील समाजमंदिराच्या कंपाउंडची भिंत रंगवली. खाली गेरूच्या रंगाचा डिस्टेंपर, वर पांढऱ्या ॲक्रेलिकने वारली चित्र. मध्यभागी बाबासाहेब, तेवढे मात्र निळ्या कोटात, हातात संविधान. त्यांच्याभोवती हातात हात गुंफून गोल नाचणारी माणसे. उजव्या कोपऱ्यात जागा उरली होती, तिथे एक तारपेवाला बसवला. नमुना मोबाईलवरून घेतला होता. फोटो व्हॉट्सॲपवर फिरला, लोकांनी कौतुक केले, कोणीतरी खाली 'आदिवासी-बौद्ध एकजुटीचा विजय असो' असेही लिहिले. आम्हीही फुशारलो.

मे महिन्यात आमच्या अभ्यास मंडळात येणारी मोखाड्याकडची एक मुलगी तिच्या आजीला दवाखान्यात दाखवायला जव्हारला घेऊन आली. ऊन उतरेपर्यंत दोघी समाजमंदिराच्या सावलीत थांबल्या. आजी बराच वेळ भिंतीकडे पाहत होती. मग म्हणाली, "तारप्याला कोणी पाठ दावतं का रं?"

आम्ही भिंत पुन्हा पाहिली. नाचणारी सगळी माणसे बाबासाहेबांकडे तोंड करून आणि तारपेवाला त्यांच्या पाठीमागे! तारपा नाचात वाजवणारा वळेल तशी रांग वळते, तिचा नागमोडी फेर होतो, पण नाचणारे तारप्याला पाठ दाखवत नाहीत. हे ज्याने एकदा नाच पाहिला त्यालाही कळते. आमच्यापैकी अर्ध्याअधिक जणांनी तो लहानपणापासून पाहिला आहे. तरीही चित्र काढताना आम्हाला त्याची आठवण झाली नाही, कारण आम्ही नाच काढतच नव्हतो. आम्ही 'वारली डिझाईन' काढत होतो.

हा लेख त्या एका वाक्यानंतर आमच्यात झालेल्या भांडणाचा आहे. भांडण अजून मिटलेले नाही.

आमच्यातला एक जण कलाशिक्षकाची पदविका करतो. त्याच्या परीक्षेच्या वहीत पाश्चात्त्य कलेचा भाग मोठा आहे आणि त्यात अमेरिकेला स्वतंत्र प्रकरण आहे. हडसन रिव्हर स्कूल, ॲशकॅन स्कूल, प्रादेशिकतावाद, अमूर्त अभिव्यक्तीवाद, पॉप आर्ट. प्रत्येक चळवळीला सुरुवातीचे साल, प्रवर्तकाचे नाव, विरोधकाचे नाव. त्याच वहीत वारली चित्रकला अर्ध्या पानावर, 'लोककला' या शीर्षकाखाली, वस्त्रांवरील छपाई आणि मातीची भांडी यांच्यामध्ये. साल नाही, नाव नाही. 'प्राचीन काळापासून चालत आलेली' एवढेच.

आम्ही त्या उन्हाळ्यात दर रविवारी ही वही पुढे ठेवून बसलो. आमचा प्रश्न साधा होता. अडीचशे वर्षांच्या देशाच्या चित्रांना 'चळवळी' म्हणायचे आणि आमच्या शेजारच्या पाड्यावरच्या चित्राला 'परंपरा' म्हणायचे, हे कोणी ठरवले? ज्याला साल आहे, भांडण आहे, बंडखोर आहे तो इतिहास. ज्याला यातले काही दिले नाही तो निसर्ग, झाडासारखा, नदीसारखा. जातिव्यवस्थेने आपल्या पूर्वजांच्या बाबतीत हेच केले, त्यांना इतिहासातून काढून धर्मात टाकले. त्यामुळे ही चलाखी ओळखायला आपल्याला वेळ लागू नये.

अमेरिकेच्या त्या प्रकरणातले पहिले पानच बोलके आहे. १८२५ च्या सुमारास टॉमस कोल आणि त्याच्या मागून आलेले चित्रकार हडसन नदीचे खोरे रंगवू लागले. उंच कडे, दाट रान, सोनेरी उजेड. चित्रात माणूस जवळजवळ नाही, असलाच तर मुंगीएवढा. १८३० मध्ये त्याच देशाने तिथल्या मूळ रहिवाशांना मिसिसिपी नदीपलीकडे हाकलण्याचा कायदा केला. जमीन रिकामी होत होती आणि चित्रातही ती रिकामीच दिसत होती. चित्रकारांनी कट केला असे आम्ही म्हणत नाही. पण घरात माणूस असताना घर रिकामे दाखवणाऱ्या चित्राचा उपयोग कोणाला झाला, हे विचारायला हवे. १८७२ मध्ये जॉन गॅस्ट याने तर उघडच रंगवले : आकाशातून तरंगत येणारी पांढऱ्या वस्त्रातली गोरी बाई, तिच्या हातात शाळेचे पुस्तक आणि तारायंत्राची तार, मागून आगगाड्या, आणि चित्राच्या डाव्या कडेला, अंधारात पळून जाणारे आदिवासी आणि गवे. चित्राचे नाव 'अमेरिकन प्रोग्रेस'. सहाच वर्षांनी, १८७८ मध्ये, आपल्याकडे इंग्रजांनी वन कायदा केला आणि रानात राहणारा माणूस आपल्याच रानात घुसखोर ठरला. जव्हारला पावसाळ्यात धुके बघायला येणारे पर्यटक जे फोटो काढतात त्यात दाभोसाचा धबधबा असतो, जयविलास राजवाडा असतो. पाणी डोक्यावर घेऊन चढ चढणारी बाई नसते. असलीच तर हडसन नदीवरच्या माणसाएवढी असते.

वहीत नसलेली एक गोष्ट आम्हाला दुसरीकडे वाचायला मिळाली. १८७५ ते १८७८ या काळात शायेन, कायोवा आणि इतर जमातींच्या सत्तरहून अधिक योद्ध्यांना फ्लोरिडातल्या फोर्ट मॅरियन किल्ल्यात कैदेत ठेवले होते. त्यांना हिशेबाच्या वह्या आणि रंगीत पेन्सिली मिळाल्या. पूर्वी गव्याच्या कातड्यावर ते आपल्या लढाया, शिकारी रंगवत. आता जमाखर्चाच्या रेघांवर त्यांनी घोडे, नाच, शिकार आणि स्वतःची कैद काढली. ती चित्रे पर्यटकांना विकली जात. आज ती संग्रहालयांत आहेत.

हिशेबाची वही म्हटल्यावर आमच्याकडच्या कोणालाही सावकाराची चोपडी आठवेल. वारली चित्राची गोष्ट सांगताना ही चोपडी नेहमी गाळली जाते. वारली लग्नात घराच्या कुडाच्या भिंतीला शेणमाती आणि गेरू लावून त्यावर तांदळाच्या पिठाने चौक काढतात. बांबूची काडी टोकाला चावून तिचा कुंचला करतात. सवाशिणी तो चौक लिहितात, धवलेरी गाते, चौकात पालघट देवी असते. त्या चौकाशिवाय लग्न लागत नाही. हे सगळे कॉफीटेबलवरच्या पुस्तकांत सुंदर छापलेले आहे. पण त्या लग्नाचे पैसे कुठून येत? ठाणे जिल्ह्यात 'लग्नगडी' नावाची रीत होती. लग्नासाठी सावकाराकडून, जमीनदाराकडून कर्ज घ्यायचे आणि ते फेडण्यासाठी नवरा-बायको दोघांनी त्याच्याकडे राबायचे, वर्षानुवर्षे. गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात हे सविस्तर आले आहे. म्हणजे ज्या भिंतीवर पालघट लिहिली जात होती, त्याच भिंतीच्या आत गुलामी सुरू होत होती. मे १९४५ मध्ये झरी येथे वारली हजारोंनी जमले आणि त्यांनी वेठ नाकारली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला गोळीबार झाला, जेठ्या गांगड शहीद झाले. जव्हार तेव्हा मुकणे राजांचे संस्थान होते. कलेच्या पुस्तकात १९४५ हे साल तुम्हाला सापडणार नाही. तिथे वारली माणूस फक्त नाचतो.

नंतरचा इतिहास साल-नावानिशी सांगता येतो, म्हणून तो 'प्राचीन परंपरा' या शब्दात बसत नाही. सत्तरच्या दशकात भास्कर कुलकर्णी हे चित्रकार डहाणू भागात आले. त्याआधी बिहारमधल्या दुष्काळात मिथिलेच्या बायकांना कागद देऊन चित्रे काढायला लावण्याचे काम त्यांनी केले होते. इथे त्यांना गंजाडचे जिव्या सोमा मशे भेटले. जिव्याबाबा लग्नासाठी नव्हे तर मनाला येईल तेव्हा, मनाला येईल ते काढत होते. १९७५ मध्ये मुंबईच्या गॅलरी केमोल्डमध्ये त्यांची चित्रे लागली, १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार, १९८९ मध्ये पॅरिसच्या 'मॅजिसियन्स द ला तेर' प्रदर्शनात सहभाग, २०११ मध्ये पद्मश्री. २०१८ मध्ये ते गेले. त्यांच्या चित्रात मासेमारीचे जाळे आहे, मुंग्यांचे वारूळ आहे, आणि एकेक रेघ अशी की हजार रेघांनी अख्खे जाळे थरथरते. हा क्रांतिकारक बदल आहे. भिंतीवरून कागदावर, विधीतून गोष्टीकडे, चार दिवसांत पुसल्या जाणाऱ्या चौकातून विकल्या जाणाऱ्या वस्तूकडे. हीच जर अमेरिकेत घडती तर तिला 'गंजाड स्कूल' म्हटले असते आणि आमच्या मित्राला त्यावर दहा गुणांचा प्रश्न आला असता.

आणि त्या दहा गुणांच्या उत्तरात एक मुद्दा लिहावाच लागला असता. भिंतीवर लिहिणाऱ्या बायका होत्या, कागदावर नाव आले ते बहुतेक पुरुषांचे. जिव्याबाबांचा मोठेपणा यात कमी होत नाही. पण कला विकाऊ झाली त्या दिवशी तिच्यातून बाई बाहेर पडली, हे आपण जोतिबा-सावित्रीचे नाव घेणाऱ्यांनी नजरेआड करायचे का?

दुसरा मुद्दा आमच्या तालुक्यांचा. नावे आली ती डहाणूची. डहाणूला पश्चिम रेल्वे आहे, मुंबईचा खरेदीदार सकाळी येऊन संध्याकाळी परत जातो. जव्हार-मोखाड्याला रेल्वे नाही. आमच्याकडे बाहेरचा कॅमेरा आला तो १९९२-९३ मध्ये, वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनंतर. तेव्हापासून देशाच्या डोक्यात आदिवासीची दोनच चित्रे आहेत. हॉटेलच्या भिंतीवर नाचणारा त्रिकोणी माणूस आणि वर्तमानपत्रातले बरगड्या दिसणारे मूल. दोन्ही चित्रांत चेहरा नाही, दोन्हीत नाव नाही.

पुन्हा अमेरिका. बाबासाहेब १९१३ च्या जुलैमध्ये न्यूयॉर्कला पोहोचले. त्याच वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये तिथल्या शस्त्रागाराच्या इमारतीत 'आर्मरी शो' झाला होता. युरोपची नवी चित्रे पाहून शहरात गदारोळ उठला होता. बाबासाहेब १९१६ पर्यंत कोलंबिया विद्यापीठात होते. विद्यापीठाला लागूनच हार्लेम. त्यांच्या परतीनंतर काही वर्षांतच हार्लेममध्ये काळ्या लेखक-कलावंतांचे जे उधाण आले, त्यातल्या आरन डग्लस या चित्रकाराने १९३४ मध्ये तिथल्याच एका सार्वजनिक ग्रंथालयासाठी चार मोठी चित्रे केली. आमच्या मित्राने ती मोबाईलवर दाखवली आणि आम्ही गप्प झालो. सपाट, चेहरा नसलेल्या काळ्या आकृत्या, कोनदार अंग, आणि त्यांच्यावरून पसरत जाणारी एकात एक वर्तुळे. आफ्रिकेतला नाच, गुलामी, मुक्तीचा जाहीरनामा, शहराकडे स्थलांतर. वारलीशी त्याचा काही संबंध नाही, उगाच जोडू नये. पण माणसाला चेहरा न देताही त्याला इतिहास देता येतो, हे त्या भिंतीवर दिसते.

जेकब लॉरेन्सचे उदाहरण तर प्रत्येक कार्यकर्त्याने पाहावे. दक्षिणेतून उत्तरेकडे कामासाठी निघालेल्या लाखो काळ्या माणसांचे स्थलांतर त्याने साठ छोट्या चित्रांत मांडले, प्रत्येक चित्राखाली एक-दोन साधी वाक्ये. १९४१ मध्ये काम पूर्ण झाले तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता. मोखाड्यातून दिवाळीनंतर वीटभट्टीवर, वाळूच्या कामावर, भिवंडी-वसईकडे जाणाऱ्या कुटुंबांचे असे साठ चौकोन कोण काढणार? आणि पुढचा भाग ऐका. ती साठ चित्रे दोन संग्रहालयांनी वाटून घेतली, सम क्रमांकाची न्यूयॉर्कने, विषम क्रमांकाची वॉशिंग्टनने. स्थलांतराच्या गोष्टीचेही वाटप!

लॉरेन्सने काही काळ सरकारी पगारावर चित्रे काढली होती. मंदीच्या काळात, १९३५ ते १९४३, अमेरिकन सरकारने 'फेडरल आर्ट प्रोजेक्ट' चालवला. चित्रकारही बेकार कामगार आहे असे मानून त्याला आठवड्याला साधारण २३ डॉलर मजुरी दिली. नंतर जगप्रसिद्ध झालेला जॅक्सन पोलॉकही त्याच मजुरीवर जगला. आपल्याकडे १९७२ च्या दुष्काळातून रोजगार हमी आली, देशाने ती पुढे उचलली, त्याचा अभिमान आहेच. पण आमच्या आजीच्या हातात रोजगार हमीने खडी आणि घमेले दिले. तिच्या हाताला दुसरेही काही येते हे हजेरीपटाला माहीत नव्हते.

पोलॉकची गंमत वेगळी आहे. १९४१ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आदिवासी कलेचे प्रदर्शन भरले, तिथे नवाहो लोकांनी जमिनीवर रंगीत वाळूने चित्र काढून दाखवले. हे वाळूचित्र आजारी माणसाला बरे करण्याच्या विधीचे, विधी संपला की मोडून टाकायचे. पुढे पोलॉकने कॅनव्हास जमिनीवर अंथरला, भोवती फिरून रंग ठिबकवला आणि ही पद्धत पश्चिमेकडच्या आदिवासी वाळूचित्रकारांच्या पद्धतीसारखी आहे हेही लिहून ठेवले. तो प्रामाणिक होता. तरीही वहीत पोलॉकचे नाव आहे. त्या दिवशी वाळू सोडणाऱ्या नवाहो चित्रकारांपैकी एकाचेही नाही.

इथे आमच्या बैठकीत आवाज चढले. कारण उघड होते : मग आम्ही कोण? पोलॉक? एका मित्राचे म्हणणे पडले की आपण शोषित आहोत, आपल्याला हा आरोप लागू होत नाही. एकजुटीसाठी घेतले, नफ्यासाठी नाही. ब्लॅक पँथरचे नाव घेऊन १९७२ मध्ये दलित पँथर उभी राहिली तेव्हा कोणी परवानगी मागितली होती? मुद्दा वजनदार आहे. पण पँथरने नाव घेतले तेव्हा ओकलंडच्या माणसाला कोपऱ्यात उभे करून त्याच्याकडे पाठ फिरवली नव्हती. पँथरच्या लोकांनी ती चळवळ वाचली होती. आम्ही पिंटरेस्ट वाचले.

कोणाला वाटेल आम्ही क्षुल्लक गोष्टीचा बाऊ करतो. तर मग उलट दिशेचे उदाहरण घ्या. २०११ मध्ये 'भीमायन' हे पुस्तक आले. त्यातली चित्रे दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांची. बाबासाहेबांचे चरित्र त्यांनी कॉमिकच्या चौकटीत कोंबायला नकार दिला. मोकळ्या जागेत, आपल्या डिगणा रेघांनी प्रसंग वेगळे केले. तहान असेल तिथे मासा आला, कडू बोलणाऱ्याच्या शब्दाला विंचवाची नांगी आली. तिथे आदिवासी हात बाबासाहेबांकडे आपल्या पायांनी चालत आला. आमच्या भिंतीवर आम्ही त्याला ओढून आणला होता. मिथिलेतही पाहा : तिथल्या दुसाध बायकांनी ब्राह्मण-कायस्थांच्या शैलीची नक्कल न करता आपल्या अंगावरच्या गोंदणातून गोदना शैली उभी केली. शैली म्हणजे नुसती सजावट नसते, ती कोणाच्या अंगणातून आली याचा दाखला असतो. वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला तो याच दाखल्यासाठी.

ऑगस्टमध्ये आम्ही मोखाड्याला आजीच्या पाड्यावर गेलो. म्हणालो, आजी, आमची भिंत दुरुस्त करून द्या. तिने पहिला प्रश्न विचारला, "रोज किती देणार?"

आम्ही एकमेकांकडे पाहिले. आम्ही श्रमदान गृहीत धरले होते! बाबासाहेबांचे काम आहे, पैसे कसले? वेठीविरुद्ध भाषणे करणारे आम्ही, एका म्हातारीकडून फुकट काम घ्यायला गेलो होतो. त्या वर्षी रोजगार हमीचा रोज २९७ रुपये होता. नातीने सांगितले की शहरात भिंतीचे पैसे चौरस फुटावर मिळतात. आमच्या जयंतीच्या हिशेबात डीजेचे पस्तीस हजार होते, चित्राच्या खात्यावर रंगाचे चौदाशे. तो कागद आम्ही त्या दिवशी खिशातून बाहेर काढला नाही.

दुसरी गोष्ट देवाची. आमच्यातल्या काहींना भीती होती की आजी पालघट काढेल. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्यांच्या भिंतीवर देवी कशी चालेल? ते तिला कसे सांगायचे यावर आम्ही वाटेत तासभर खल केला. सांगायची वेळच आली नाही. आजीच म्हणाली की चौक लग्नाशिवाय लिहीत नाहीत, तो तुमच्या भिंतीवर यायचा नाही. आमची अट आणि तिची अट एकच निघाली, कारणे मात्र दोन टोकांची.

दिवाळीनंतर भातकापणी उरकून आजी, तिची नात आणि पाड्यावरच्या आणखी दोघी आल्या. पाच दिवस काम चालले. वर्गणी पुन्हा मागावी लागली, काहींनी तोंड फिरवले. जुने चित्र चुन्याखाली गेले, त्यावर खरा गेरू. तारपेवाला मध्ये आला. त्याच्यामागे फेर. बाजूला मुंबईची गाडी धरायला निघालेली बोचकी, पाण्याच्या टाकीजवळची रांग, शाळा, आणि एका झाडाखाली माणसे बसलेली.

बाबासाहेब कुठे आहेत, असे आमच्या अध्यक्षांनी विचारले. आजीने झाडाखाली बोट दाखवले. बाकीच्यांएवढाच उंच, दोन त्रिकोणांचा, बिनचेहऱ्याचा एक माणूस, हातात उघडी वही. कोट नाही, निळा रंग नाही. त्याच्यासमोर बसलेल्यांत बायका जास्त.

"एवढेसेच?" अध्यक्ष म्हणाले.

"मग काय, खाली बसल्यालं मानूस केवढं दिसंल?"

यावरून वस्तीत दोन तट पडले आहेत. एका तटाचे म्हणणे, ही बाबासाहेबांची उंची कमी करण्याची गोष्ट आहे, पुढच्या जयंतीला तिथे आठ फुटी निळ्या कोटातले चित्र हवे. त्यांच्या रागात खोट नाही. ज्यांच्या पुतळ्याची बोटे तोडली जातात त्यांना मोठे चित्रच हवे असते. आमचे म्हणणे, भिंत राहू द्या, निळ्या कोटासाठी दुसरी भिंत शोधा, आणि जयंतीच्या अंदाजपत्रकात चित्राच्या मजुरीची ओळ आधी लिहा, डीजेची नंतर. रविवारी बैठक आहे. संध्याकाळी शाळा सुटली की पोरे भिंतीपाशी थांबतात आणि बाबासाहेब कुठे ते शोधण्याची पैज लावतात. कालपर्यंत तिघांनी चुकून तारपेवाल्यावर बोट ठेवले होते.

जय भीम. जय जोहार.